सुपडाभाऊंची सपाट गाडी

माझं वजन ब्याऐंशी किलो आहे, हे माझ्या बायकोपेक्षा सुपडाभाऊ मिस्त्रींना जास्त पक्कं ठाऊक होतं. बायको अंदाजाने बोलायची आणि अंदाजात दहा-पंधरा किलो माझ्या पदरात जास्तच टाकायची. सुपडाभाऊंनी मला रीतसर काट्यावर उभं केलं होतं. चपला काढायला लावल्या होत्या, खिशातला किल्ल्यांचा जुडगाही बाजूला ठेवायला लावला होता, आणि मग गॅरेजच्या दारावर खडूने आकडा लिहिला होता. तो का लिहिला हे सांगायचं तर आधी माणूस सांगावा लागेल.

मलकापुरात बुलढाणा रस्त्याला माझं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. त्याला लागूनच सुपडाभाऊंचं गॅरेज. मध्ये फक्त एक पत्रा. बावीस वर्षं मी तो माणूस आधी कानांनी ऐकला आणि मग डोळ्यांनी पाहिला. सकाळी साडेनऊला शटर, त्यानंतर खोकला, त्यानंतर पाने मांडल्याचा आवाज. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनेच मांडायचे. मधला एखादा सापडला नाही की पलीकडून आवाज यायचा, "वसंतराव, तुमच्याकडं तं नाई आला?" मी दोर विकणारा माणूस, माझ्याकडे सतराचा पाना कशाला येईल? पण ते विचारायचे आणि मीही एकदा गल्ल्याखाली वाकून पाहायचो.

सुपडा हे नाव ऐकून बाहेरगावची माणसं हसतात. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला जन्मल्याबरोबर सुपात घालून ओढायचे आणि नाव सुपडा ठेवायचे, म्हणजे वरच्याला वाटावं, टाकाऊ आहे, राहू द्या. सुपडाभाऊंच्या आधीची तीन गेली होती. "मी वजनात कमी भरलो असीन," ते म्हणायचे, "म्हनून नेलं नाई."

उंची बेताची, खांदे रुंद, डोक्यावर हातरुमाल बांधलेला. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने जोडलेली. चाक खोललं की त्याचे नट कधी जमिनीवर ठेवायचे नाहीत. प्रत्येक चाकाला डब्याचं एक झाकण, आणि झाकणात नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. ज्या नटाची जी जागा, तिथेच तो परत. मी एकदा विचारलं, सगळे नट सारखेच असतात ना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत दुकानात येऊन बसलो.

त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध वेड म्हणजे तिसरा कस. चाकाचं काम केलेली गाडी ते पहिल्या झटक्यात सोडायचेच नाहीत. मोताळ्यापर्यंत जाऊन या म्हणायचे. गिऱ्हाईक परत आलं की पुन्हा सगळे नट ताणायचे, आणि नट आणि रिम दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. "पह्यला कस माहा, दुसरा रस्त्याचा, तिसरा पुन्हा माहा," हे वाक्य मी पत्र्याआडून इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणेन.

त्यांच्या घरात द्वारकावैनी आणि ते, दोघंच. एकुलती मुलगी खामगावला दिलेली. वैनी एक वाजता डबा घेऊन यायच्या आणि डबा संपेपर्यंत उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून नवऱ्याची हजेरी घ्यायच्या. नवऱ्याला त्या 'मिस्त्री'च म्हणायच्या. त्यांची कायमची तक्रार घरच्या लोखंडी पलंगाची होती. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कागदाची घडी घातलेली असायची. "वसंतभाऊ, साऱ्या तालुक्याच्या गाड्या सरळ करून राह्यले हे," त्या मला ऐकवायच्या, "अन् माहा पलंग चार वर्सापासून डुगडुगते." सुपडाभाऊ भाकरी मोडत म्हणायचे, "करतो नं." ते काही झालं नाही. मिस्त्री लोकांच्या घरचं काम कधी होतं?

एकदा धाडहून कडूबाशेठ आले. भाजीपाल्याचे व्यापारी, वय चाळिशीचं, पोट सुटलेलं, पण मोबाइलवर उंच केलेल्या पिकअप गाड्या पाहून पाहून त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. दोन खोकी आणली होती. एकात चार जाडजूड चकत्या. या चाकाच्या मागे बसवल्या की चाकं बाहेरच्या अंगाला सरकतात आणि गाडी पाय फाकून उभी राहते. स्पेसर म्हणतात त्यांना. दुसऱ्या खोक्यात पुढच्या स्प्रिंगवर घालायच्या दोन कड्या होत्या. रिकामी पिकअप नेहमी नाक खाली आणि शेपूट वर करून उभी असते, कारण मागच्या कमानी ओझ्यासाठी बनवलेल्या. या कड्यांनी नाक दोन इंच वर येतं आणि गाडी सपाट दिसते. याला म्हणायचं लेव्हलिंग किट.

"काऊन लावता?" सुपडाभाऊंनी विचारलं.

"गाडी कशी भारदस्त दिसायला पाहिजे बघा," कडूबाशेठ म्हणाले.

"अन् लेव्हल कोनत्या वजनाची?"

"म्हंजी?"

"रिकाम्या गाडीची लेव्हल पाह्यजे, का भरलेल्या गाडीची? रिकामी सपाट केली तं टमाटे भरल्यावर मागून बसन. नाक आभाळात. तुमचे दिवे झाडावरच्या माकडायले दिसतीन."

कडूबाशेठना रिकामीच सपाट हवी होती, कारण फोटो रिकाम्या गाडीचा काढायचा होता. सुपडाभाऊंनी वाद घातला नाही. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी त्यांच्याकडे होती. पाणी नीट दिसत नाही म्हणून वैनींनी त्यात कपड्यांची नीळ टाकून दिली होती. नळीचं एक टोक हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, दुसरं मागच्या दाराशी, म्हणजे फाळक्याशी, आणि दोन्हीकडच्या निळ्या पाण्याची हौद्याच्या फळीवरची उंची सुतात मोजायची. दोन्हीकडे सारखी भरली की गाडी सपाट. मग चकत्या, मग चाकं, मग पहिला कस. "आता मोताळ्याले जाऊन या."

तासाभराने कडूबाशेठ आले. जाऊन आलो म्हणाले. सुपडाभाऊंनी चाकाच्या मध्यावर हात ठेवला, कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "चाक थंड हाये." शेठ नाक्यावरच्या हॉटेलात मिसळ खाऊन आले होते. सुपडाभाऊ स्वतः शेजारी बसले आणि त्यांना मोताळ्याला नेऊन आणलं. मी आणि वैनी त्या दिवशी पोट धरून हसलो. महिन्याने शेठ पुन्हा आले, कारण समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्यांना शिव्या देत होता. सुपडाभाऊंनी त्यांच्या रोजच्या मालाचे कॅरेट मोजून भरून आणायला लावले आणि त्या वजनाची लेव्हल काढून दिली. तो हसण्याचा काळ होता एवढंच आता वाटतं.

पुढच्या वर्षी द्वारकावैनींच्या मणक्यात गाठ निघाली. दोन महिन्यांत कमरेखालचं अंग गेलं. बसता येईना. वळवलं, हलवलं, अंग जरा सरकलं, की कळ निघायची. बुलढाण्याच्या एका डॉक्टरांकडे दर मंगळवारी न्यायचं ठरलं. पहिल्या दोन वेळा अँब्युलन्स केली. मलकापूर ते बुलढाणा तसं फार लांब नाही, पण मध्ये राजूरचा घाट आहे. अँब्युलन्सचं स्ट्रेचर पुढच्या बाजूला कललेलं होतं. वैनी सगळ्या रस्त्याने सरकत गेल्या. दुसऱ्या वेळी परत आल्या तेव्हा ओठ चावून रक्त काढलेलं होतं. म्हणाल्या, "मिस्त्री, मले पुन्हा त्याच्यात घालू नका. गेली तं घरी जाईन."

गॅरेजच्या मागे सुपडाभाऊंची स्वतःची जुनी पिकअप होती, इंजिनं आणायला-न्यायला ठेवलेली. दुसऱ्या दिवशी ती पुढे आणली आणि कडूबाशेठना फोन लावला. "शेठ, ते खोके कुठून मागवले होते?" कडूबाशेठ तीन दिवसांनी तीच दोन खोकी घेऊन स्वतः आले. आपल्या गाडीची उतरवली की नवी आणली, ते त्यांनी सांगितलं नाही. थट्टाही केली नाही. चहा न घेता गेले.

मागच्या कमानीचे दोन-दोन पाटे सुपडाभाऊंनी काढून टाकले, म्हणजे खड्ड्यात मागचा भाग आपटणार नाही. मागून गाडी मऊ झाली तर वळणावर झोल खाईल, म्हणून चाकामागे चकत्या. नाक वर घ्यायला पुढे कड्या. मी पत्र्याशी उभा राहून पाहत होतो. इतकी वर्षं अशा वस्तूंची टिंगल केलेला माणूस त्या चकत्या कापडाने पुसून बसवत होता. मी विचारलं, "बेअरिंग खराब होतील म्हणता ना यांनी?"

"खाईन बेअरिंग," ते म्हणाले. "खाऊ द्या."

"आणि घाटात? चढावर तर गाडी तिरपीच होणार."

"घाट माह्या हातात नाई. चढताना डोकं केबिनकडं ठेवीन, उतरताना पलंग फिरवीन. पन सपाट रस्त्यावर तरी सपाट पाह्यजे."

मग प्रश्न आला तो त्यांचाच जुना. लेव्हल कोणत्या वजनाची? वैनींना पलंगासकट न्यायचं होतं. उचलायला चार माणसं लागायची. त्यात सुपडाभाऊ एक, मी एक, मागच्या गल्लीतले नारायणराव, ज्यांची वांग्या-मिरच्यांची रोपवाटिका आहे, आणि चौथी वैनींची बहीण लीलाबाई, जी ताकदीने दोन पुरुषांना भारी होती. सुपडाभाऊ गाडी चालवणार, बाकीचे तिघं मागे. आम्हाला अडत्याच्या काट्यावर नेलं. माझे ब्याऐंशी, नारायणरावांचे एकसष्ट, लीलाबाईंचे चौऱ्याहत्तर. वैनींना पलंगासकट उचलून काट्यावर ठेवलं आणि पलंगाचं वजन वजा केलं. अठ्ठावन्न. कापसाचे गठ्ठे तोलायला आलेली माणसं बघत उभी होती. वैनी पडल्या पडल्या म्हणाल्या, "मले का कापूस समजून राह्यले बे सारे?" त्यांना हसताना मी शेवटचं तिथे पाहिलं असावं.

मंगळवारी सकाळी गाडी गॅरेजात खडूच्या चार खुणांवर उभी राहायची. पलंग आत. माझी जागा डावीकडे मागे, नारायणराव उजवीकडे, लीलाबाई डोक्याशी. फळीवर दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर रेघा मारलेल्या होत्या. सुपडाभाऊ नळी लावायचे, वाकून पुढचं टोक पाहायचे, मग मागचं. "वसंतराव, पाय लांब नका करू." मी पाय जवळ घ्यायचो. निळं पाणी दोन्हीकडे रेघेवर आलं की फाळका लावायचा. पहिल्या दिवशी बाजार समितीच्या पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा वैनींनी डोळे उघडले, वरच्या ताडपत्रीकडे पाहिलं आणि लीलाबाईला म्हणाल्या, "पलंग डुगडुगला नाई वं." ताडपत्री मी दिली होती. मला त्याचं उगीच बरं वाटलं.

घाट चढून गेलं की सुपडाभाऊ गाडी कडेला घ्यायचे, पाना काढायचे आणि चारी चाकांचे नट तपासायचे. आम्ही मागे बसून असायचो. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसलेल्या असायच्या. दर मंगळवारी तेच तिघं, त्याच जागा. सुरुवातीला वाईट वाटायचं, पुढे तेही वाटेनासं झालं. डॉक्टरकडे नेणं, थांबणं, पलंग फिरवणं, आणणं. मी दुकानाला मंगळवारची सुटी लावून टाकली.

एका मंगळवारी मला खामगावला साल्याच्या मुलीच्या लग्नाला जावं लागलं. आठवडाभर आधी सांगितलं. सुपडाभाऊ म्हणाले, "जा नं." परतल्यावर गॅरेजात पाहतो तर कोपऱ्यात रेतीचं एक पोतं उभं, तोंड सुतळीने शिवलेलं, आणि अंगावर खडूने लिहिलेलं, 'वसंतराव ८२'. मी म्हणालो, "माझ्यापेक्षा शहाणं दिसतं. पाय लांब केले नसतील." त्यांनी ओठ जरासे हलवले. तेवढंच त्यांचं हसू त्या दिवसांत शिल्लक होतं.

थंडी पडायला लागली तशी वैनींच्या अंगावर गोधड्या वाढल्या. तोंडाखेरीज काही दिसायचं नाही. एका मंगळवारी आम्ही बसलो, नळी लागली, आणि सुपडाभाऊ बराच वेळ वाकलेले राहिले. पुढच्या टोकाला पाणी रेघेच्या वर होतं, मागच्या टोकाला खाली. अर्धं सूत. पेन्सिलीच्या रेघेएवढा फरक. कुणालाही दिसला नसता.

"वसंतराव, वजन कमी झालं का तुमचं?"

"माझं? नाही हो. दिवाळी होऊन गेली आत्ताच."

"चला काट्यावर."

गेलो. साडेब्याऐंशी. परत आलो. नारायणरावांना नेलं. एकसष्ट. लीलाबाई कुरकुरल्या, पण गेल्या. चौऱ्याहत्तर. मग गोधड्या पाहिल्या. गोधड्यांनी तर वजन वाढलं होतं. टायरची हवा पाहिली. डिझेलची टाकी पाहिली. कमान पाहिली. खडूच्या खुणा पाहिल्या. तोपर्यंत आम्हा तिघांना कळलं होतं, आणि मला वाटतं त्यांनाही काट्यावर जायच्या आधीच कळलं असणार. पण मिस्त्री माणूस, सगळं तपासल्याशिवाय एका गोष्टीवर बोट ठेवणार नाही.

उरली होती ती एकच. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दर मंगळवारी आम्हीच तर त्यांना उचलत होतो. हाताला कसं कळलं नाही, हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. हाताला सवय होते. आठवड्याला थोडं थोडं कमी होत गेलं तर हात तेच वजन समजून उचलत राहतात. नळीतल्या पाण्याला सवय होत नाही.

सुपडाभाऊ आत गेले, एक रिकामी गोणी घेऊन आले, आणि अर्ध्या शेराचं एक मापटं. गोणी पलंगाखाली, वैनींच्या कमरेच्या बरोबर खाली ठेवली आणि मापट्याने रेती ओतायला लागले. एक मापटं ओतायचं, नळी पाहायची. पुन्हा ओतायचं. लीलाबाईंनी तोंड पदराने झाकून घेतलं. पाणी रेघेवर आलं तेव्हा ते थांबले, फाळका लावला आणि गाडी काढली.

त्यानंतर दर मंगळवारी त्या गोणीत भर पडायची. कधी एक मापटं, कधी तीन. आम्ही नजर ताडपत्रीकडे लावून बसायचो. डॉक्टर दर वेळी काय सांगायचे ते सुपडाभाऊ आम्हाला सांगत नसत आणि आम्ही विचारत नसू. गोणी किती फुगली ते दिसत होतं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. रेती पडल्याचा आवाज झाला आणि वैनींनी विचारलं, "हे काय ओतून राह्यले खाली?"

"गाडीचं हाये," सुपडाभाऊ म्हणाले.

वैनींचा आवाज तेव्हा फार लहान झाला होता. मग म्हणाल्या, "मिस्त्री, माह्या जागी रेती भरून राह्यले नं तुमी?"

सुपडाभाऊंचं मापटं हातात तसंच राहिलं. मी त्यांच्याकडे पाहू नये म्हणून स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. नारायणराव उतरून बिडी प्यायला गेले, बिडी नसताना.

"सपाट राह्यते मंग," सुपडाभाऊ म्हणाले.

"भरा," वैनी म्हणाल्या. "सपाट राह्यते तं भरा."

आणि ते भरत राहिले. फेब्रुवारीच्या एका शनिवारी दुपारी वैनी घरीच गेल्या, त्याच पलंगावर, जेवणाच्या वेळेला. पलंगाच्या चौथ्या पायाखाली कागदाची घडी तशीच होती.

वाईट वाटलं असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. मी बांबू आणले, दोर माझ्याच दुकानातला दिला, गाठी मारल्या. स्मशानातून येऊन आंघोळ केली आणि जेवलो. भात नेहमीएवढा खाल्ला. सुपडाभाऊंच्याही डोळ्यांत पाणी दिसलं नाही. मुलगी खामगावहून येऊन गळ्यात पडून रडत होती तेव्हा ते तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीवरच्या एका खिळ्याकडे पाहत होते. पुढच्या मंगळवारी सकाळी मी सवयीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. ते गॅरेजच्या दारात उभे होते, हातात नळी.

"मंगळवार हाये," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी नळीतलं निळं पाणी गटारात ओतलं आणि नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. मी परत येऊन शटर वर केलं.

वर्षभर त्यांनी गॅरेज चालवलं. पाने ओळीत मांडायचे, पण माझ्याकडे सतराचा मागायला आले नाहीत. मोताळ्याला जाऊन या म्हणायचे, गिऱ्हाईक आलं की रेघ ओढायचे. काम कुठे कमी पडलं नाही. एकदा कडूबाशेठ वाट वाकडी करून भेटायला आले, अर्धा तास बादलीवर बसले आणि पावसापाण्याचं बोलून गेले. त्या बादलीवर दुसऱ्या कुणाला बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग मुलीने हट्ट धरला आणि सुपडाभाऊंनी खामगावला जायचं कबूल केलं. गॅरेज दुसऱ्या मिस्त्रीला देऊन टाकलं. निघायच्या दिवशी सकाळी मी मदतीला गेलो तर सामान फारसं नव्हतंच. भांड्यांचं एक पोतं, पेटी, पाने, आणि तो पलंग. जुनी पिकअप खडूच्या खुणांवर उभी होती. खुणा पुसट झालेल्या, पण गाडी बरोबर त्यांच्यावर. पुढच्या कड्या, चकत्या, काढलेले पाटे, सगळं तसंच होतं. मी म्हणालो, "सुपडाभाऊ, आता हे काढून टाकायचं होतं. जुने पाटे घालायचे होते परत."

"वेळ नाई भेटला," ते म्हणाले. वर्षभर रिकाम्या हाताने बसून काढलेल्या कितीतरी दुपारी मी पाहिल्या होत्या. "रिकामी चालवली तं नाक खाली घालते. म्हनून वजन घालून घेतलं."

मी हौद्यात पाहिलं. पलंग त्याच्या जागी होता. डोक्याशी एक पोतं, 'लीलाबाई ७४'. उजवीकडे 'नारायणराव ६१'. डावीकडे मागे, माझ्या जागेवर, मी. पोत्यावरचा खडू नव्याने गिरवलेला होता. आणि पलंगावर, मधोमध, आडवं एक पोतं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तोंड सुतळीऐवजी साडीच्या हिरव्या काठाने बांधलेलं. गोणीतली रेती शेवटी शेवटी किती भरली होती ते मला ठाऊक होतं, म्हणजे वैनी किती उरल्या होत्या तेही ठाऊक होतं. हे पोतं तेवढं लहान नव्हतं. हे चांगलं भरलेलं होतं.

"हे किती?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न," सुपडाभाऊ म्हणाले.

खिळ्यावरची नळी त्यांनी काढली. तिच्यात नवं पाणी भरलेलं होतं, साधं, बिनरंगाचं. चष्मा कपाळावर सरकवून ते पुढच्या टोकाशी वाकले, मग मागच्या. बराच वेळ वाकून राहिले, कारण साधं पाणी त्यांना दिसत नव्हतं. मी पुढे होऊन पाहिलं आणि सांगितलं, "रेघेवर आहे." त्यांनी मान हलवली. पाना घेऊन चारी चाकांचे नट एकदा ताणले, पाना पुसला, सीटखाली ठेवला.

केबिनमध्ये बसल्यावर काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे वरून खाली पाहिलं. गिऱ्हाइकाच्या गाडीकडे पाहायचे तसं.

"वसंतराव, तुमचं ब्याऐंशीच हाये नं?"

मला आदल्या उन्हाळ्यात साखर निघाली होती. पँटला दोन नवी भोकं पाडून पट्टा बांधत होतो. ते निघाले त्याच महिन्यात दवाखान्यातल्या काट्यावर चौऱ्याहत्तर भरलो होतो. खरं सांगितलं असतं तर ते खाली उतरले असते, माझं पोतं उसवलं असतं आणि मापट्याने आठ किलो रेती बाहेर काढत बसले असते. आणि मी समोर उभा राहून ते पाहिलं असतं.

"हो," मी म्हणालो. "ब्याऐंशीच."

त्यांनी गाडी काढली. रस्त्यावर चढताना मागची चाकं खड्ड्यात गेली, वर आली, आणि सुपडाभाऊ धरून पाचही जण जागचे हलले नाहीत. गाडी नाक्यापर्यंत सपाट गेली आणि खामगावच्या बाजूला वळली.